फोर बाय फोरला ए/टी टायर घेताय? आधी डांबर मोजा, मग चिखल

पहिल्यांदा टायर बदलले तेव्हा मी फक्त फोटो बघून बदलले होते. जुनी थार होती, २३५/७० आर १६ वाली, कंपनीचे टायर गोटा झाले होते आणि मला पाहिजे होते मोठ्या मोठ्या गोट्यांचे (रबरी ठोकळ्यांचे), ट्रॅक्टरसारखे दिसणारे एम/टी, म्हणजे मड टेरेन, चिखलाचे टायर. दुकानदार म्हणाला साहेब गाडी एकदम रांगडी दिसेल, आणि दिसली पण. मग जुलैमध्ये पाटणहून कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरताना एका ओल्या वळणावर ब्रेक लावला तर गाडी थांबायचं नावच घेईना, सरळ सरकत कठड्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली. बायको चिपळूण येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

टायर चिखलासाठी झकास होते, पण मी गाडी चालवत होतो डांबरावर. पुढच्या गाडीला ए/टी (ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हींवर चालणारे) टायर घेताना मी काय काय बघितलं, कशाच्या नादी लागलो नाही आणि कुठे पैसे जास्त टाकले ते सगळं खाली सविस्तर लिहितोय. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन, गुरखा, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस, कुठलीही असो, पद्धत तीच.

आधी वही काढा

दुकानात जायच्या आधी एक महिना साधी नोंद ठेवा, मोबाईलमध्ये ठेवली तरी चालेल. किती किलोमीटर कुठल्या रस्त्यावर झाले एवढंच. माझं घर पुण्यात, गाव पाटण तालुक्यात. हायवेने उंब्रजपर्यंत, मग पाटणकडे, मग गावाचा खड्ड्याखड्ड्यांचा डांबरी रस्ता, त्यानंतर मुरूम आणि शेवटी शेतापर्यंत पाणंद. महिन्याच्या साधारण हजार किलोमीटरचा हिशोब मांडला तर सातशे हायवे आणि शहर, दोनशे खराब डांबर आणि घाट, सत्तर मुरूम-खडी, आणि खरा चिखल, ज्याच्या नावाने आपण एवढे पैसे घालवतो, तो फक्त तीस किलोमीटर! म्हणजे शंभरातले तीन. आणि त्या तीनसाठी मी उरलेल्या सत्त्याण्णवची वाट लावून बसलो होतो.

हा हिशोब झाला की निम्मा निर्णय झाला. माझा ठोकताळा असा आहे: नव्वदच्या वर डांबर असेल आणि शेतात फक्त उन्हाळ्यात जात असाल तर कंपनीचा एच/टी म्हणजे हायवे टायरच ठेवा, उगाच खर्च करू नका, वाईट वाटेल ऐकायला पण खरं आहे. सत्तर ते नव्वद डांबर आणि बाकी मुरूम, खडी, ओली पाणंद असेल तर ए/टी, हा लेख तुमच्यासाठीच. चाळीसच्या वर कच्चा रस्ता असेल, म्हणजे खाणीवर, धरणाच्या कामावर, पवनचक्कीच्या साईटवर रोज जाणारे, त्यांनी एम/टी किंवा ए/टी आणि एम/टीच्या मधला आर/टी (रगेड टेरेन) बघावा. ज्यांना फक्त दिसायला पाहिजे त्यांना मी काही सांगू शकत नाही, मी स्वतः त्यातून गेलोय.

कच्चा म्हणजे कुठला कच्चा?

यावर लोक अजिबात विचार करत नाहीत आणि सगळा खेळ तर इथेच आहे. परदेशातले व्हिडिओ बघून टायर घेतात, त्यात वाळवंट असतं नाहीतर बर्फ. आपल्याकडे काय आहे ते बघा.

काळी माती. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सांगलीचा खालचा भाग. पाऊस पडला की ही माती टायरला चिकटते ती सोडतच नाही, चार फेऱ्यांत नक्षी भरून जाते आणि टायर गुळगुळीत पाटासारखा होतो. इथे कुठलाही ए/टी हात टेकतो, जाहिरातीत काहीही म्हणू देत. त्यातल्या त्यात ज्याच्या कडेच्या गोट्यांमध्ये रुंद मोकळ्या फटी आहेत तो थोडीफार माती फेकून देतो. आणि इथे फार रुंद टायर उपयोगाचा नाही, अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला लागतो, रुंद टायर वरच्यावर तरंगतो. जिम्नीचा १९५ चा टायर बघून हसणारे लोक चिखलात तिच्या मागेच दोर बांधतात हे मी बघितलंय. काळ्या मातीत भर पावसात दोन तास थांबून पाणी ओसरू देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, गावातले ट्रॅक्टरवाले पण तेच करतात.

लाल माती आणि जांभा. कोकण, आणि वर आमच्याकडे सडावाघापूर, वनकुसवडे ही पठारं. लाल माती काळीइतकी चिकटत नाही पण वरून साबणासारखी घसरते, आणि जांभ्याची कड उघडी पडली की ती टायरची बाजू खाते. इथे नक्षीपेक्षा साइडवॉल महत्त्वाची. (कासच्या पठारावर टायरची परीक्षा घ्यायला जाऊ नका, रस्ता सोडून फुलांवर गाडी घालणाऱ्यांना काय म्हणावं.)

मुरूम आणि खडी. महाराष्ट्रात कुठे ना कुठे रस्त्याचं काम चालूच असतं, एक बाजू खोदलेली, नवीन फोडलेली खडी पसरलेली, तिला ब्लेडसारख्या धारा असतात. नक्षीत दगड अडकतो, हळूहळू आत जातो आणि रबराला खालपर्यंत भोक पाडतो. चांगल्या ए/टीमध्ये फटीच्या तळाशी छोटे उंचवटे दिलेले असतात, ते दगड बाहेर ढकलतात. दुकानात बोट घालून बघा, आहेत की नाही ते लगेच कळतं.

बाभळीचे काटे. याचा उल्लेख कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतो! पाणंदीच्या कडेची बाभूळ कुणीतरी तोडून फांद्या तिथेच टाकतो आणि आपण त्यावरून जातो. नवीन ए/टीची नक्षी साधारण १० ते १२ मिलिमीटर खोल असते, एच/टीची ८ च्या आसपास, त्यामुळे नव्या ए/टीमध्ये काटा बऱ्याचदा रबरातच अडकतो, आतपर्यंत पोचत नाही. निम्मा झिजलेला ए/टी मात्र काट्यापुढे एच/टीसारखाच.

आणि समुद्राची वाळू. वाळूला खरंतर नक्षी लागतच नाही, लागते हवा कमी करणं. पण आपल्या किनाऱ्यांवर बऱ्याच ठिकाणी गाडी घालायला बंदी असते, आणि वेळास, आंजर्ले या भागात कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा तो हट्ट सोडलेलाच बरा.

सगळ्यात शेवटी, पण माझ्या मते सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे ओलं डांबर. जून ते सप्टेंबर चार महिने ताम्हिणी, वरंधा, आंबोली, कुंभार्ली, कुठल्याही घाटात जा, रस्ता ओला, कडेला शेवाळ, मध्ये माती वाहून आलेली. तुमच्या ऑफरोडिंगपेक्षा हा प्रसंग शंभर पट जास्त वेळा येणार आहे.

नक्षी वाचायला शिका

टायरच्या पृष्ठभागाकडे बघितलं की दोन प्रकारच्या रेघा दिसतात. एक मोठ्या फटी, ज्यातून पाणी आणि चिखल निघून जातो. दुसऱ्या गोट्यांवर चाकूने चिरल्यासारख्या बारीक चिरा, त्यांना साइप म्हणतात. ओल्या डांबरावर पकड मिळते ती या बारीक चिरांमुळे, त्यांच्या कडा पाण्याचा पातळ थर कापतात. एम/टीमध्ये गोट्या मोठ्या आणि चिरा जवळजवळ नसतातच, म्हणून मी कुंभार्लीत सरकलो. ए/टी घेताना प्रत्येक गोटीवर चिरा आहेत का बघा आणि त्या किती खोल आहेत तेही बघा. काही टायरमध्ये चिरा वरच्या दोन-तीन मिलिमीटरपुरत्याच असतात, टायर अर्धा झिजला की गायब, आणि मग तुमच्याकडे उरतो तो मोठ्या फटींचा पण ओल्यात घसरणारा टायर.

मधल्या पट्ट्यातल्या गोट्या एकमेकींना जवळ आणि जोडलेल्या असतील तर हायवेवर गाडी स्थिर आणि आवाज कमी. सुट्या सुट्या असतील तर ६०-८० च्या वेगाला घूं घूं सुरू होतं, सिमेंटच्या रस्त्यावर तर जास्तच. समृद्धीवर तासनतास ते ऐकत जायचंय का हे स्वतःला विचारा. आवाजाबद्दल दुकानदाराला विचारू नका, ज्याच्या गाडीला तो टायर वीस हजार किलोमीटर फिरलाय त्याच्या शेजारी बसून एक चक्कर मारा, कारण नवा असताना सगळेच गप्प असतात, आवाज झिजल्यावर वाढतो.

बाजू जाड की पातळ

ए/टीमध्ये दोन जाती असतात. एक गाडीच्या साध्या टायरसारखी बांधणी, दुसरी हलक्या ट्रकची, जिच्या साइजच्या आधी किंवा नंतर ‘एलटी’ असं छापलेलं असतं. एलटी टायरच्या बाजूला जास्त थर, काहींमध्ये तीन, जांभा आणि खडकाला तो दाद देत नाही. ऐकायला भारी वाटतं ना? पण तो वजनाला जड असतो, प्रत्येक चाकामागे काही किलो वाढतात आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे छोट्या खड्ड्यात गाडी जास्त आदळते, पिकअप जड वाटतो, डिझेलही थोडं जास्त पितं. शिवाय तेवढंच वजन उचलायला एलटीला जास्त हवा लागते, साध्या टायरला जिथे ३० पीएसआय पुरते तिथे एलटीला ५ ते १० जास्त लागू शकते, नक्की आकडा टायर कंपनीच्या लोड टेबलमधून घ्यायचा. बरेच जण एलटी बसवून जुनीच हवा ठेवतात आणि मग म्हणतात टायर कडेने लवकर झिजला.

माझं मत: महिन्यातून दोन-चार वेळा पाणंद आणि मुरूम असेल तर साध्या बांधणीचा ए/टी पुरतो. दर शनिवार-रविवार खडकातून जाणारे, मागे ट्रॉली ओढणारे, लडाख-स्पितीला पूर्ण सामान लादून जाणारे, त्यांनी एलटी घ्यावा. बाजूला कट गेला की टायर संपला, त्याला पंक्चर काढून चालत नाही, म्हणून ज्याला खरंच धोका आहे त्याने तिथे पैसे वाचवू नयेत.

साइज, म्हणजे जिथे सगळे फसतात

२५५/६५ आर १८ हा नव्या थारचा साइज घ्या. २५५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १८ म्हणजे रिम इंचात. बाजू झाली १६५.७५, वरची आणि खालची मिळून ३३१.५, त्यात रिमचे ४५७.२ मिळवा, टायरची पूर्ण उंची ७८८.७ मिलिमीटर. हे गणित एकदा स्वतः करा, दुकानदार तोंडावर काहीही सांगू शकणार नाही.

आता २६५/६५ आर १८ टाकला तर उंची ८०१.७. म्हणजे १३ मिलिमीटरने मोठा, पण गाडी उंच होणार त्याच्या निम्मी, साडेसहा मिलिमीटर, करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. एवढ्यासाठी नवीन साइज शोधत फिरायचं का ते तुम्ही ठरवा. स्पीडोमीटर पण पावणेदोन टक्क्यांच्या आसपास कमी दाखवणार, त्याने फार बिघडत नाही. पण २८५/६५ आर १८ ला गेलात तर उंची ८२७.७, जवळजवळ ५ टक्के, आता काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ ला असेल, गिअरिंग उंच होईल, चढाला पहिला गिअर कमी पडल्यासारखा वाटेल आणि टायर कुठेतरी घासेलच.

मेव्हण्याच्या जिम्नीचं हेच झालं. कंपनीचा १९५/८० आर १५ म्हणजे ६९३ मिलिमीटर उंच. मी सांगत होतो २१५/७५ आर १५ घे, ७०३.५ होतो, दीड टक्का फरक, त्याने घेतला २३५/७५ आर १५, म्हणजे ७३३.५, सहा टक्क्यांच्या जवळ. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतून घासतोय, आणि छोटं इंजिन बिचारं घाटात दुसऱ्या गिअरवर रडतंय. दोन महिन्यांनी निम्म्या किमतीत विकले. माझा नियम सरळ आहे, मूळ उंचीपेक्षा ३ टक्क्यांच्या आत राहा.

पातळ टायर आणि मोठी रिम हा उलटा प्रकारही बघायला मिळतो. कच्च्या रस्त्यासाठी तो साफ चुकीचा. बाजू जेवढी उंच तेवढी ती दबते, धक्का खाते, हवा कमी केल्यावर पसरते. उलट मोठ्या रिमवरून छोटीवर येता येत असेल आणि तुमच्या मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला ती रिम कंपनीच देत असेल तर खुशाल या. थारला खालच्या व्हेरियंटमध्ये २४५/७५ आर १६ येतो, त्याची बाजू १८४ मिलिमीटर, एकूण उंची फक्त दोन टक्क्यांनी कमी. फक्त ब्रेकला रिम लागत नाही ना हे बसवून बघा. आणि कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेल्या साइजच्या बाहेर गेलात की गाडीत बदल केल्याचा मुद्दा निघू शकतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याबद्दलच आहे, तेव्हा विमा कंपनीला आधी विचारून ठेवा.

दुकानात उभं राहून काय काय बघायचं

साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ १०९ एस. १०९ म्हणजे एका टायरला १०३० किलो, ११२ असेल तर ११२० किलो. अक्षर वेगाचं, क्यू म्हणजे १६०, एस १८०, टी १९०, एच २१०. ए/टीमध्ये वेगाचं अक्षर थोडं खाली आलं तरी आपल्या रस्त्यावर अडत नाही, पण वजनाचा आकडा कंपनीच्या मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. सात माणसं, टपावर सामान आणि मे महिन्याचं ऊन, तेव्हा तो आकडाच तुम्हाला वाचवतो.

मग तारीख. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. पाचही टायरचे बघा, आणि बसवायच्या आधी बघा. मला एकदा चार टायरमध्ये दोन ताजे आणि दोन अडीच वर्षांपूर्वीचे असे मिळाले होते, बिल झालं होतं, गाडी जॅकवर होती, कामगाराने टायर अर्धा चढवला होता, तेव्हा भांडायची उमेद कुणात असते. आता मी टायर गोडाऊनमधून आले की आधी जमिनीवर ओळीने मांडायला सांगतो आणि टॉर्च मारून वाचतो. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षापर्यंत ठीक, पुढे घासाघीस करा किंवा दुसरं दुकान.

आयएसआय मार्क बघा, इम्पोर्टेड टायरवरसुद्धा पाहिजे. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली गेली, त्यामुळे परदेशी ब्रँडचे काही साइज कधी मिळतात, कधी महिनोन्महिने नाही. आज चार मिळाले आणि वर्षाने एक फाटला तर पाचवा कुठून आणणार? म्हणूनच मी ‘मिळणं’ ही गोष्ट दर्जाइतकीच महत्त्वाची मानतो. पाटण, वाई, चिपळूणसारख्या गावात जो टायर दोन दिवसांत मागवता येतो तोच माझ्यासाठी चांगला टायर.

ब्रँडवर मी वाद घालणार नाही. बाजारात सिएट झार ए/टी आहे, २०२० च्या थारला वरच्या व्हेरियंटमध्ये कंपनीतूनच आलेला, अपोलो अपटेरा ए/टी २ आहे, योकोहामा जिओलँडर ए/टी, ब्रिजस्टोन ड्युएलर ए/टी, मॅक्सिस, बीएफ गुडरिच केओ २, अशी मोठी रांग आहे. यात कुठला डांबराकडे झुकणारा आणि कुठला खडकाकडे हे वरच्या नक्षीच्या कसोटीवर तुम्हालाच दिसेल. हिवाळ्यात स्पिती करायचं असेल तर बाजूवर तीन शिखरं आणि मध्ये बर्फाचं फूल असं चिन्ह बघा, नुसतं एम प्लस एस (मड आणि स्नो) छापलेलं असणं म्हणजे बर्फाची चाचणी झालेली असं नाही. भाव विचारताना बॅलन्सिंग, हवा भरायचा नवीन व्हॉल्व्ह आणि जुन्या टायरचे पैसे धरूनच विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा कुणी जुन्या भावपत्रकावरून बोलत असेल तर बिलात बघून घ्या.

बसवताना

टायरवर फिरायची दिशा दाखवणारा बाण असेल किंवा ‘आउटसाइड’ लिहिलं असेल तर तसंच बसलंय ना बघा. अलाइनमेंट करून घ्या. बॅलन्सिंगला एका चाकाला वजनांची माळच लागायला लागली तर टायर रिमवर थोडा फिरवून परत बसवायला सांगा, कुरकुर करतात पण करतात. शंभर किलोमीटरच्या आत चाकाचे नट परत आवळून घ्या. आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून, नव्या रबरावर साच्यातून काढताना लागलेला बुळबुळीत थर असतो, पावसात तर फारच जपा.

नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, फुकट मिळाला तर भरा.

हवा, हवा आणि परत हवा

खरं सांगू का, दोन टायरमधल्या फरकापेक्षा एकाच टायरमधल्या ३२ आणि २२ पीएसआयमधला फरक मोठा असतो. मला हे कळायला पाच वर्षं लागली.

डांबरासाठी सुरुवात ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्यापासून करा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. साइज किंवा बांधणी बदलली असेल तर खडू घ्या, नक्षीवर आडवी जाड रेघ मारा आणि सपाट रस्त्यावर सरळ थोडंसं चालवा. रेघ मधोमध पुसली गेली तर हवा जास्त, कडेला पुसली तर कमी, सगळीकडे सारखी पुसली तर जमलं. दुसरी परीक्षा हायवेची, सकाळी थंड टायरची हवा मोजा, अर्धा-पाऊण तास चालवून परत मोजा. साध्या बांधणीच्या टायरमध्ये ती ४ पीएसआयच्या आसपास वाढायला पाहिजे. सात-आठने वाढली तर तुम्ही कमी हवेवर निघाला होतात आणि टायर आतून जास्त तापला. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, सिमेंट तापलेलं असतं, त्यात ए/टीचं जाड रबर तसंही जास्त तापतं, तिथे कमी हवा म्हणजे टायर फुटायला आमंत्रणच. गरम टायरमधून हवा कमी मात्र करू नका, ती थंड झाल्यावर पडतेच.

कच्च्यावर उलटं. मुरूम आणि खडीवर २४-२६ केली की गाडी तुटत नाही, दगड टायरला कापण्याऐवजी टायर दगडावरून वाकून जातो. खडकात आणि ओल्या पाणंदीत २०-२२. वाळूत १६-१८. हे आकडे साध्या बांधणीच्या टायरला आणि मोकळ्या गाडीला धरा, सामान भरलेलं असेल तर दोन-तीन वाढवा. आणि हवा कमी असताना वेग चाळिसाच्या खाली, वळण हळू, नाहीतर टायर रिमवरून उतरतो आणि मग बसा शेतात. काळ्या मातीत हवा कमी करून फार फरक पडत नाही, हे पण सांगून ठेवतो.

याचा अर्थ गाडीत कॉम्प्रेसर पाहिजेच. थेट बॅटरीला क्लिप लावून चालणारा घ्या, सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचे बारके मोठ्या टायरला दमतात. त्याबरोबर काट्याचा किंवा डिजिटल गेज स्वतःचा, पंक्चर किट, आणि बाजूला कट गेला तर शेवटचा आधार म्हणून पूर्ण साइजची स्टेपनी.

पाच टायर, चार नाही

स्टेपनी जुन्या साइजची ठेवून चारच नवीन घ्यायचे हा मोह सगळ्यांना होतो. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन या गाड्यांमध्ये ४एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, दोन्हीकडे फेरे सारखेच. एक टायर बाकीच्यांपेक्षा लहान असला तर तो फरक जिरवायला चाक घसरावं लागतं, आणि घसरायला जागा नसली की सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो. म्हणूनच कोरड्या डांबरावर ४एच लावू नका म्हणतात, आणि म्हणूनच पाचही टायर एकाच साइजचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले पाहिजेत. टायर फिरवताना, म्हणजे त्यांच्या जागा आलटून-पालटून बदलताना, स्टेपनीही पाचवी म्हणून धरली की खर्चही वाया जात नाही, संच तेवढा जास्त चालतो.

दर आठ हजार किलोमीटरला फिरवा, फार तर दहा. ए/टीच्या गोट्या फिरवल्या नाहीत की एका बाजूने उतरत्या झिजतात, हात फिरवला तर करवतीसारखं लागतं, मग आवाज येतो आणि लोक बेअरिंग बदलत बसतात. मी शेवटच्या वेळी फिरवल्याचं किलोमीटर मास्किंग टेपवर लिहून दाराच्या आत चिकटवतो, मोबाईलमधली नोंद कधीच सापडत नाही.

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, फटीत छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांना समपातळीत आली की संपलं. पण पावसाळ्यात घाट उतरायचा असेल तर मी ३-४ मिलिमीटरलाच थांबतो. आणि कमी फिरणाऱ्या गाडीचं उलटं दुखणं असतं, नक्षी भरपूर पण उन्हात उभी राहून बाजूला बारीक तडे. सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असू दे, दरवर्षी कुणा जाणकाराला दाखवा, दहाच्या पुढे तर वापरूच नका.

शेतातून परत आलो की पुण्याला निघायच्या आधी मी पाणी मारून चारही टायरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवतो. बाहेरची बाजू सगळेच बघतात, जांभा कापतो आतून. गेल्या पावसाळ्यात असाच हाताला फुगा लागला, लिंबाएवढा, मागच्या डाव्या टायरला, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तिथेच अंगणात स्टेपनी चढवली आणि मग हायवेला लागलो.